टेबलामागचा माणूस काम कशामुळे करतो? सरकारी ऑफिसकडून उद्योजकाने शिकायच्या पाच गोष्टी



धंदा काढायचा ठरवलं की पहिल्या ग्राहकाच्या आधी तुमची गाठ पडते ती सरकारी टेबलामागच्या माणसाशी. कुणाला जिल्हा उद्योग केंद्रात कर्जाचा प्रस्ताव द्यायचा असतो, कुणाला नगरपालिकेचा ना हरकत दाखला हवा असतो, कुणाला वीजजोडणी, कुणाला सातबाऱ्यावरची नोंद. जागेचं भाडं चालू झालेलं असतं, मशीनवाल्याला आगाऊ रक्कम दिलेली असते आणि फाईल मात्र 'साहेबांकडे सहीला' असते. इथे गेलेला प्रत्येक आठवडा तुमच्या खिशातून जातो.

अशा वेळी आपल्याकडे एक ठरलेलं वाक्य आहे. "सरकारी माणसाला कामच नको असतं." हे बोलून मन हलकं होतं, पण फाईल जागची हलत नाही. शिवाय ते पूर्ण खरंही नाही. एकाच तालुक्याच्या गावात एका ऑफिसमध्ये काम दोन दिवसांत होतं आणि शेजारच्या ऑफिसमध्ये तसल्याच कामाला महिना लागतो. दोन्हीकडची माणसं परीक्षा देऊनच आलेली असतात. पगार त्याच वेतन आयोगाचा, रजेचे नियम तेच. मग फरक कुठून येतो?

फरक त्या टेबलाच्या आजूबाजूला असतो. सही कुणाची चालते, कागद कुठे ठेवलेत, चूक झाली तर काय होतं, साहेब कसा आहे, माणूस त्या खुर्चीत किती दिवसांचा आहे, यावर त्याचं काम ठरतं. माणसाचा स्वभाव, त्याची इच्छा हे असतंच. पण चांगला माणूसही वाईट व्यवस्थेत बसवला की दोन-तीन वर्षांत "उद्या या" म्हणायला शिकतो.

हे समजून घेण्याचे तुम्हाला दोन फायदे आहेत. तुमची फाईल कुठे आणि का अडते ते कळेल. दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. उद्या तुम्ही चार माणसं कामाला ठेवाल, तेव्हा तुमच्याच दुकानात एक छोटं सरकारी ऑफिस तयार होऊ द्यायचं नसेल, तर ते तयार कसं होतं हे आजच बघून ठेवा.

आधी एक उदाहरण: पासपोर्ट

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पासपोर्ट सेवा केंद्र पाहिलं असेल. पुणे, ठाणे, नाशिक, नागपूर, कुठलंही घ्या. ऑनलाइन वेळ मिळते, गेल्यावर टोकन मिळतं, मग ए, बी, सी अशा तीन काउंटरवरून तुम्ही पुढे सरकता. ए काउंटरवर खासगी कंपनीची, म्हणजे टाटा कन्सल्टन्सीची माणसं कागद स्कॅन करतात, फोटो आणि बोटांचे ठसे घेतात. पण बी आणि सी काउंटरवर बसलेली माणसं सरकारी आहेत. कागद तपासणं आणि पासपोर्ट द्यायचा की नाही हा निर्णय घेणं, हे काम सरकारी अधिकारीच करतो.

ही पद्धत २०१० मध्ये बंगळुरू आणि चंडीगड भागात आधी सुरू झाली आणि मग देशभर गेली. आता विचार करा. बी आणि सी काउंटरवरचा अधिकारी परग्रहावरून आलेला नाही. तो सरकारी नोकरच आहे, त्याची नोकरी पक्की आहे, त्याला महिन्याला किती पासपोर्ट दिले यावर कमिशन मिळत नाही. तरी रांग सरकते. का?

कारण त्याच्यासमोर येणारी फाईल पूर्ण असते. कुठला कागद चालतो आणि कुठला नाही, याची यादी ठरलेली असते. समोरचा माणूस कितव्या नंबरचा आहे हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही दिसतं. निर्णय घेणारा अधिकारी त्याच छपराखाली, चार पावलांवर बसलेला असतो. 'साहेब मीटिंगला गेलेत' या वाक्याला तिथे जागाच ठेवलेली नाही.

पगार वाढवला की काम वाढतं का?

कामाच्या मानसशास्त्रावर वाचलं असेल तर फ्रेडरिक हर्झबर्ग हे नाव कानावर आलं असेल. या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातल्या सुमारे २०० इंजिनिअर आणि अकाउंटंट लोकांना विचारलं, की कामावर तुम्हाला सगळ्यात चांगलं कधी वाटलं आणि सगळ्यात वाईट कधी वाटलं. १९५९ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. उत्तरं गंमतशीर होती. वाईट कधी वाटलं, तर ऑफिसचे नियम, वरचा साहेब, पगार, बसायची जागा यांचा त्रास झाला तेव्हा. चांगलं कधी वाटलं, तर एखादं काम तडीस नेलं, कुणीतरी त्याची दखल घेतली, जबाबदारी मिळाली तेव्हा.

म्हणजे दोन वेगळे नळ आहेत. पहिला दुरुस्त केला की कुरकुर थांबते, पण उत्साह येत नाही. उत्साह दुसऱ्या नळातून येतो. आता सरकारी नोकरीकडे बघा. पगार वेळेवर, नोकरी पक्की, दरवर्षी ठरलेली वेतनवाढ. चांगलं काम करणाऱ्यालाही ती तेवढीच आणि जेमतेम करणाऱ्यालाही तेवढीच. पहिल्या नळाची बरीच सोय झालेली आहे, पण दुसरा नळ अनेक ऑफिसमध्ये कोरडा आहे.

हर्झबर्गच्या मांडणीवर पुढे बरीच टीकाही झाली. पण आपल्या कामापुरता तो ढोबळ फरक लक्षात ठेवा. आता पाच गोष्टी एकेक करून बघू.

१. सही कुणाची?

तुमचा अर्ज ज्या कारकुनाकडे असतो, त्याला बहुतेक वेळा 'हो' म्हणायचा अधिकारच नसतो. तो टिपणी लिहितो. ती अव्वल कारकुनाकडे जाते, मग नायब तहसीलदार, मग तहसीलदार. काही विषय तिथून प्रांत किंवा जिल्हाधिकाऱ्यांपर्यंत जातात. प्रत्येक टप्प्यावर फाईल थांबते. मधला एक जण रजेवर असला की सगळी साखळी थांबते.

ज्याच्या हातात निर्णय नाही, त्याला निकालाची घाईही नसते. त्याचं काम फाईल पुढे पाठवणं, तुमचं काम होणं हे त्याचं काम उरतच नाही. याला आळस म्हणता येईल, पण मुळात ती रचना आहे.

ही गोष्ट सरकारलाही माहीत आहे. महाराष्ट्रात २००५ चा एक कायदा आहे. त्याचं नाव लांबलचक आहे: शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध अधिनियम. आपल्या सोयीसाठी याला 'विलंब कायदा' म्हणू. त्यात असं म्हटलंय, की कुठलीही फाईल साधारणपणे एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. 'तातडीची' असेल तर चार दिवस. दुसऱ्या खात्याकडे पाठवायची गरज नसलेल्या प्रकरणात निर्णय ४५ दिवसांत व्हावा. शिवाय कोणते अधिकार खालच्या पातळीला दिलेत, हे ऑफिसने जाहीर करावं अशीही अपेक्षा आहे.

तुमच्यासाठी पहिला प्रश्न म्हणून हाच ठेवा. ऑफिसमध्ये गेल्यावर "माझं काम कधी होईल?" विचारण्याआधी विचारा, "साहेब, या कामावर अंतिम सही कुणाची असते, आणि तिथे पोचेपर्यंत फाईल किती टेबलांवरून जाते?"

२. चुकलं तर काय होतं?

हा मुद्दा नीट वाचा, कारण सगळी गोम इथे आहे.

समजा कारकुनाने तुमचं प्रकरण पटकन मंजुरीसाठी पाठवलं आणि सहा महिन्यांनी लेखापरीक्षणात निघालं, की एक कागद कमी होता. मग ऑडिटचा आक्षेप निघतो, खुलासा मागवला जातो, 'कारणे दाखवा' नोटीस येते. प्रकरण वाढलं तर विभागीय चौकशी, आणि ती निवृत्तीपर्यंत पाठ सोडत नाही. वसुली लागू शकते, पदोन्नती अडू शकते.

आता उलट बाजू बघा. त्याने तुमची फाईल दोन महिने ठेवून घेतली. तुमचं भाडं गेलं, सीझन गेला. त्याचं काय झालं? बहुतेक वेळा काहीच नाही.

चुकीच्या होकाराला मोठी शिक्षा आणि उशिराला शून्य शिक्षा, असा तराजू असेल तर शहाणा माणूस काय करेल? तो वर 'मार्गदर्शन' मागवेल. आणखी एक त्रुटी काढेल. जादाचा एक दाखला मागेल, म्हणजे उद्या कुणी विचारलं तर फाईलमध्ये कागद असावा. तुम्हाला हा छळ वाटतो. त्याच्या बाजूने ती स्वतःची छत्री असते.

हा तराजू थोडा सरळ करण्याचा प्रयत्न महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मध्ये झाला. अधिसूचित सेवांना मुदत ठरली. मुदतीत सेवा दिली नाही आणि त्याला पुरेसं कारण नाही, असं ठरलं तर त्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. रक्कम मोठी नाही. पण उशीर हीसुद्धा चूक आहे आणि तिच्यावर नाव लिहिलेलं असतं, ही गोष्ट कायद्याने ठसठशीतपणे सांगितली.

एक गोष्ट स्पष्ट बोलतो. अडवणूक पैशासाठीही होते, आणि तिथे व्यवस्थेचा दोष सांगून माणसाला सोडून द्यायचं कारण नाही. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४ आहे. आणि हे लक्षात ठेवा, २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. जबरदस्तीने द्यावी लागली, तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवावं लागतं. 'सगळेच देतात' या सल्ल्यावर नवीन धंदा उभा करू नका.

३. कागद सापडतो का?

ऐकायला साधी वाटते, पण कार्यक्षमतेतला अर्धा भाग हाच आहे. ज्या ऑफिसमध्ये कपाटावर, कपाटाखाली आणि जिन्यात फायलींचे गठ्ठे आहेत, तिथल्या हुशार माणसाचाही अर्धा दिवस शोधण्यात जातो.

१९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी याच गोष्टीला हात घातला. 'लखिना पॅटर्न' म्हणून ते काम पुढे प्रशासनात देशभर गाजलं. त्यांनी भाषणाने सुरुवात केली नाही. आधी जुने अभिलेख काढले, वेगळे केले, नको ते नियमाप्रमाणे नष्ट केलं, हवं ते सापडेल असं लावलं. मग बसण्याची मांडणी कामाच्या ओघाप्रमाणे बदलली. कुणाचं काम काय, त्याला कोणते नियम लागतात, हे लिहून माणसाच्या हातात दिलं. माणसं तीच, पगार तोच. बदललं ते त्यांच्या भोवतीचं ऑफिस.

याच वळणाची एक पद्धत आजही महसूल आणि जिल्हा परिषदेच्या ऑफिसमध्ये शिकवतात, 'सहा गठ्ठे पद्धत'. प्रत्येक टेबलावरचे कागद सहाच गठ्ठ्यांत असले पाहिजेत:

• ज्यावर आत्ता काम करायचंय ती प्रलंबित प्रकरणं
• ज्यात कुणाच्या तरी उत्तराची वाट बघतोय ती प्रतीक्षाधीन प्रकरणं
• दर महिन्याला, तिमाहीला पाठवायची नियतकालिकं
• कायम लागणारे आदेश, म्हणजे स्थायी आदेश संचिका
• काम संपलेली, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं
• नष्ट करायचे कागद

बस. सातवा गठ्ठा नाही. 'बघू नंतर' नावाचा गठ्ठा तर नाहीच नाही. ही पद्धत खरोखर पाळणाऱ्या टेबलावर तुम्ही गेलात, तर भाऊसाहेब तुमची फाईल अर्ध्या मिनिटात काढतात. ज्याला आपलं काम कुठे आहे हे माहीत असतं, तो माणूस बोलतोही शांतपणे. चिडचिड बऱ्याचदा न सापडणाऱ्या कागदाची असते आणि निघते तुमच्यावर.

४. माणूस त्या खुर्चीत किती दिवस?

वर सांगितलेल्या विलंब कायद्यात बदली आणि उशीर हे दोन विषय एकत्र आहेत, हे लक्षात आलं का? त्यांचा संबंध जवळचा आहे. कायद्यात एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षं धरलाय आणि बदल्या एरवी एप्रिल-मे महिन्यांत व्हाव्यात असं म्हटलंय. मध्येच बदली झाली की नवीन माणसाला विषय समजायला वेळ लागतो, आणि तोवर तो कुठल्याही जुन्या प्रकरणावर सही करायला बिचकतो. त्याचंही बरोबर आहे, फाईल त्याच्या डोळ्यांदेखत तयार झालेली नसते.

दुसरीकडे रिक्त पदं. एका माणसाकडे स्वतःचं टेबल आणि दोन टेबलांचा 'अतिरिक्त कार्यभार'. त्यात निवडणूक लागली की निवडणुकीचं काम, अतिवृष्टी झाली की पंचनामे, वरून अचानक मागवलेली माहिती. तलाठी ऑफिसला कुलूप दिसलं की आपण बोटं मोडतो. पण एका तलाठ्याकडे दोन-तीन सजांचा भार असेल, तर तो एका वेळी एकाच गावात असणार.

५. साहेब कसा आहे?

सरकारी ऑफिस बघायचं असेल तर साहेब ऑफिसमध्ये नसताना बघा. साहेब असला की काम आणि नसला की चहा, असं असेल तर ते ऑफिस भीतीवर चालतं. साहेब नसतानाही रांग सरकत असेल, तर तिथे कुणीतरी पद्धत बसवलेली आहे.

हाताखालच्या माणसाचं वर्षाचं मूल्यमापन साहेब लिहितो. जुन्या भाषेत गोपनीय अहवाल. सगळ्यांना सारखाच शेरा मिळत असेल, तर जीव ओतून काम करणारा पहिल्या वर्षी वाट बघतो, दुसऱ्या वर्षी हसतो आणि तिसऱ्या वर्षी इतरांसारखा होतो. उलट एखादा साहेब आठवडी बैठकीत चार लोकांसमोर म्हणतो, "या महिन्यात यांच्या टेबलावर एकही फाईल मुदतीबाहेर नाही," तेव्हा त्या वाक्याला एक रुपया लागत नाही. हर्झबर्गचा दुसरा नळ हाच.

प्रशिक्षण आणि साधनं हा विषय थोडक्यात सांगतो, कारण तो उघड आहे. केंद्राने २०२० मध्ये 'मिशन कर्मयोगी' आणलं, त्यात ऑनलाइन शिकायची सोय आहे. आपल्याकडे पुण्यात 'यशदा' आहे. पण शिकून परत आलेल्या माणसाला सर्व्हर बंद, प्रिंटरला कागद नाही आणि जुनीच चार टेबलांची साखळी मिळाली, तर शिकलेलं तिथेच राहतं.

आता तुमचं काम: फाईल अशी द्या की 'हो' म्हणणं सोपं जाईल

वही-पेन घ्या. वरच्या पाच गोष्टी तुम्ही बदलू शकत नाही. पण त्या माणसाची भीती आणि शोधाशोध तुम्ही नक्की कमी करू शकता.

पहिलं, अर्जावर वरती एक पानाची अनुक्रमणिका लावा. कागदाचं नाव, पान क्रमांक. सगळ्या पानांना नंबर द्या. ही दहा मिनिटांची मेहनत कारकुनाचा अर्धा तास वाचवते.

दुसरं, आधार, पॅन, बँक पासबुक, भाडेकरार यांवर तुमचं नाव एकसारखं आहे का ते घरीच तपासा. एका ठिकाणी वडिलांचं नाव आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, एवढ्यावरून प्रकरण परत येतं.

तिसरं, शासन निर्णय वाचा. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर ते मराठीत मोफत मिळतात. अर्जात "अमुक तारखेच्या शासन निर्णयानुसार" असं लिहिलंत, तर टिपणी लिहिणाऱ्याला आधार मिळतो. उद्या ऑडिटने विचारलं तर दाखवायला त्याच्याकडे काहीतरी आहे. त्याची छत्री तुम्हीच दिलीत.

चौथं, पोच घेतल्याशिवाय निघू नका. आवक क्रमांक आणि तारीख. 'दिलाय अर्ज, बघतो म्हणाले' याला अर्ज देणं म्हणत नाहीत.

पाचवं, त्रुटी असतील तर नम्रपणे म्हणा, "भाऊसाहेब, ज्या काही त्रुटी असतील त्या एकदाच लेखी द्या, मी सगळ्या मिळून पूर्ण करतो." तोंडी त्रुटी दर आठवड्याला नवीन निघते. लेखी त्रुटी एकदाच निघते.

सहावं, वेळ बघून जा. मार्चअखेर, निवडणुकीचा काळ, मोठ्या बैठकीचा दिवस टाळता आला तर टाळा. २०२० पासून राज्य सरकारी ऑफिसला पाच दिवसांचा आठवडा आहे, शनिवारी जाऊन कुलूप बघू नका.

सातवं, माणूस बदलला तर रागावू नका. नवीन माणसाला प्रकरणाचा एक पानाचा गोषवारा द्या: अर्ज कधी दिला, कोणती त्रुटी कधी पूर्ण केली, आता काय बाकी आहे. त्याचा आठवडा वाचतो, तुमचा महिना.

आठवं, तुमची सेवा लोकसेवा हक्क कायद्याच्या यादीत आहे का, ते 'आपले सरकार' पोर्टलवर बघा. मुदत संपली तर ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं. ते त्याच खात्यातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे जातं. मग दुसरं अपील, आणि तिसरं थेट आयोगाकडे. अपील म्हणजे भांडण नव्हे, तो तुमचा हक्क आहे. भाषा सभ्य ठेवा, तारखा अचूक ठेवा.

आणि नववं, जे कुणी करत नाही. काम चांगलं झालं तर त्या कर्मचाऱ्याचं नाव लिहून त्याच्या साहेबांना दोन ओळींचं आभाराचं पत्र द्या. तक्रारींच्या ढिगात असं पत्र उठून दिसतं, आणि ते त्याला बरेच दिवस पुरतं.

एक गोष्ट यात आनंदाचीही आहे. जिथे निर्णयाची गरजच नाही, तिथून टेबल काढून टाकलेलं आहे. उद्यम नोंदणी बघा. १ जुलै २०२० पासून ती ऑनलाइन, स्वयंघोषणेवर आणि मोफत आहे. त्यासाठी एजंटला पैसे देत असाल तर आजच थांबा.

आता आरसा तुमच्याकडे

समजा तुमचं मसाल्याचं छोटं युनिट आहे. दळायला दोघी, पॅकिंगला दोघी, दुकानात काउंटरवर एक मुलगी, डिलिव्हरीला एक मुलगा. आता वरचेच पाच प्रश्न स्वतःला विचारा.

काउंटरवरच्या मुलीला फुटलेलं पाकीट बदलून द्यायचा अधिकार आहे का, की त्यासाठीही तुम्हाला फोन लावावा लागतो? तुम्ही बँकेत असलात आणि फोन उचलला नाही, तर ग्राहकाला ती काय सांगेल? "मालक आल्यावर या." ऐकल्यासारखं वाटतंय ना? एक रक्कम ठरवा, शंभर असो की दोनशे रुपये. तिथपर्यंतचा निर्णय तिचा. नंतर त्यावरून बोलायचं नाही.

चूक झाली तर तुम्ही काय करता? मागच्या महिन्यात पॅकिंगमध्ये लेबल चुकलं तेव्हा सगळ्यांसमोर आवाज चढवला असेल, तर पुढची चूक तुम्हाला कळणारच नाही. ती ग्राहकाकडून कळेल. चूक लगेच सांगणाऱ्याला शिक्षा नाही आणि लपवणाऱ्याला सूट नाही, असा नियम तोंडाने सांगा आणि पाळून दाखवा.

वस्तू सापडते का? हळदीचं पोतं कुठलं आधी वापरायचं, बिलं कुठे, कुणाची उधारी किती, हे फक्त तुमच्या डोक्यात असेल तर तुमचं युनिट म्हणजे तुम्ही स्वतः. तुम्हाला ताप आला की युनिटलाही ताप. सहा गठ्ठ्यांची पद्धत तुमच्या टेबलावर उद्यापासून लावता येईल. जुने डबे आणि सहा चिठ्ठ्या, खर्च तेवढाच.

माणूस सोडून गेला तर? तो जाणारच, लहान धंद्यात माणसं टिकवणं अवघड असतं. प्रत्येक कामाची एक पानी नोंद भिंतीवर लावा: काय करायचं, कोणत्या क्रमाने, अडलं तर कुणाला विचारायचं. नवीन मुलगी तीन दिवसांत तयार झाली पाहिजे.

आणि शेवटचा, दखल. दिवाळीचा बोनस सगळ्यांना सारखा दिलात, ठीक. पण सीझनमध्ये रोज उशिरापर्यंत थांबून ऑर्डर पूर्ण केली ती मावशी, तिला तुम्ही नावाने, इतरांसमोर, काय म्हणालात? काहीच नाही म्हणालात, तर पुढच्या सीझनला ती बरोबर सहाच्या ठोक्याला पदर खोचून घरी निघेल. तिचं काय चुकलं?

सरकारी ऑफिस सुधारायला कायदे लागतात, जिल्हाधिकारी लागतात, वर्षं लागतात. तुमच्या दुकानात कायदाही तुम्हीच, साहेबही तुम्हीच. मूठभर माणसांचं ऑफिस सुधारायला एक रविवार पुरतो.

या आठवड्याचा गृहपाठ

एक कागद घ्या. डाव्या बाजूला लिहा, माझ्याकडे काम करणारा माणूस मला विचारल्याशिवाय कोणते तीन निर्णय घेऊ शकतो. उजव्या बाजूला लिहा, रोज कोणत्या तीन गोष्टींसाठी तो माझी वाट बघतो. उजव्या बाजूची निदान एक गोष्ट सोमवारी सकाळी डावीकडे आणा आणि त्या माणसाला तसं सांगा. अजून माणसं ठेवली नसतील तर हा कागद जपून ठेवा, पहिली नेमणूक करण्याआधी लागेल.

आणि उद्या सरकारी ऑफिसमध्ये जाणार असाल, तर अनुक्रमणिका लावायला विसरू नका. भेटू पुढच्या व्हिडिओत. धंदा करा, नीट करा!